एक पेटीत, एक कुशीत... कुणापाशी थांबू?

"ताई, सातारा जिल्ह्यातून लिहितेय. लग्नाला चार वर्षं झाली, पहिल्यांदाच दिवस राहिले आणि जुळी निघाली. 30 आठवडे झाले होते, डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी पाणी गेलं आणि सिझर करावं लागलं. मुलगी 1380 ग्रॅम, मुलगा 1150. आज चौदावा दिवस. मुलीचा ऑक्सिजन निघालाय, नळीने दूध घेते, मला रोज तासभर कांगारूसाठी, म्हणजे उघड्या छातीशी धरायला, देतात. मुलगा अजून सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवर आहे, मधेच श्वास घ्यायचा थांबतो, दोनदा त्याचं दूध बंद केलं. मुलीला छातीशी घेतलं की समोर त्याची पेटी दिसते आणि रडू येतं, त्याच्याकडे गेले की वाटतं हिचा वेळ गेला. दूध दिवसातून चार वेळा काढते, दर वेळी 20-25 मिली निघतं, ते दोघांत कसं वाटू? सिस्टर म्हणतात मुलीला आधी सोडतील, मग मी कुठे राहू? सासूबाई म्हणतात बाळंतिणीने असं बाकड्यावर बसायचं नाही, कंबर धरेल, घरी ये, तिथे डॉक्टर आहेत ना. मिस्टर कंपनीत परत रुजू झाले. डोहाळजेवणाला मी खूप वेळ उभी होते, त्यानेच झालं का? बारसं पण नाही झालं, कार्डावर नुसतं ट्विन वन, ट्विन टू लिहिलंय."

अगं, सगळ्यात आधी डोहाळजेवणाचं बोलू, नाहीतर पुढचं सगळं वाचशील आणि मनात तेच घोळत राहील. एका संध्याकाळी उभं राहिल्याने पाणी जात नाही. जुळ्यांची निम्म्याहून जास्त बाळंतपणं 37 आठवड्यांच्या आधीच होतात, दोघांमुळे गर्भपिशवी लवकर ताणली जाते, कधी आतल्या आत इन्फेक्शन असतं जे बाहेरून कळत नाही, आणि बऱ्याचदा तर नेमकं कारण सापडतच नाही. ग्रहण पाळलं नाही, पपई खाल्ली, जिना चढली, कुणाची नजर लागली, हे सगळं तुला आता भेटायला येणारी माणसं सांगणार, आणि सातव्यातलं जगतं पण आठव्यातलं जगत नाही हेही कुणीतरी सांगणारच. त्यातलं काहीही खरं नाही, पोटात जितका एकेक आठवडा जास्त मिळाला तितकं बाळाचं बरं, एवढंच खरं आहे आणि तू दोघांना 30 आठवडे पोटात सांभाळलंस. सिझरच्या आधी 12-12 तासांनी इंजेक्शनं दिली असतील तर ती तुझ्यासाठी नव्हती, बाळांच्या फुफ्फुसांसाठी होती, ती तू घेतलीस. चूक शोधणं आता थांबव, कारण त्यात जी ताकद जातेय ती दुसरीकडे लागणार आहे.

आता तुझा खरा प्रश्न. मी बरीच वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर म्हणून काम केलंय आणि जुळ्यांच्या जवळजवळ प्रत्येक आईला मी हेच करताना पाहिलंय, हिला एक तास दिला म्हणजे त्याला पण एक तास, हिला हात लावला की त्याला लावायलाच हवा, आणि जमलं नाही की स्वतःला बोल लावायचा. समान वाटायचा हा हिशोब तू सोडून दे, अगदी आजपासून. तुझी दोन बाळं एकाच दिवशी जन्मली पण आज त्यांची गरज एक नाहीये, मुलीला तास दोन तास छातीशी पाहिजेत आणि मुलाला कदाचित दहा मिनिटांचा स्थिर हात पुरे आहे आणि त्यानंतर त्याला झोपू देणं हीच त्याची सेवा आहे. ज्याला आज जे लागतं ते त्याला मिळालं की झालं. पुढच्या आठवड्यात उलटंही होईल.

आणि मुलगा मागे पडला तो तुझा वेळ कमी पडला म्हणून नाही गं. तो 230 ग्रॅमने कमी आहे, आणि इतक्या लवकर जन्मलेल्या मुलग्यांची फुफ्फुसं त्याच आठवड्याच्या मुलींपेक्षा तयार व्हायला थोडा जास्त वेळ घेतात, हे नवजात बाळांच्या वॉर्डात काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. तो श्वास घ्यायचा थांबतो त्याचं कारण त्याच्या मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं आहे, झोपेत ते विसरतं, मग सिस्टर तळपायाला टिचकी मारतात आणि तो परत घेतो. त्यासाठी त्याला कॅफिन चालू असेल, हो, चहा-कॉफीत असतं तेच, औषधाच्या मापात. बहुतेक बाळांचं हे 36-37 आठवड्यांपर्यंत आपोआप थांबतं. तो आज 32 आठवड्यांचा आहे, म्हणजे अजून महिनाभर मधूनमधून मशीन वाजणार हे धरून चल. आणि मशीन वाजलं की तू आकड्याकडे बघू नकोस, बाळाकडे बघ, त्याचा रंग कसा आहे, छाती हलतेय का, बऱ्याचदा पायाची वायर सरकलेली असते. अजून एक, ऑक्सिजनचा आकडा 100 नाही म्हणून घाबरू नकोस, ऑक्सिजन लावलेल्या इतक्या छोट्या बाळाचा तो मुद्दाम 90 ते 95 च्या आसपास ठेवतात, जास्त ऑक्सिजन त्यांच्या डोळ्यांना घातक असतो. नातेवाईक येऊन सिस्टरशी भांडतात की आमच्या बाळाला पूर्ण ऑक्सिजन का देत नाही, त्यांना हे कुणी समजावून सांगितलेलंच नसतं.

मग त्याच्यासाठी तू करायचं काय, नुसतं काचेतून बघत बसायचं का? नाही. कोपरापर्यंत हात धू, बांगड्या अंगठी घड्याळ बाहेर ठेव, हिरव्या बांगड्या काढल्या म्हणून कुणी काही बोललं तर सांग की बांगड्यांच्या खाली जंतू राहतात आणि माझ्या पोराचं वजन एक किलो आहे. मग सिस्टरला विचारून एक हात त्याच्या डोक्यावर आणि दुसरा पायांवर असा नुसता ठेव. कुरवाळू नकोस, या वयाच्या बाळांना बोटांनी हळूहळू कुरवाळलं की उलट त्रास होतो, ती दचकतात, श्वास थांबतो, पण स्थिर हाताचा दाब आवडतो, पोटात असल्यासारखी आकसून शांत होतात. त्याच्याशी हळू बोल, तुझा आवाज त्याला पोटात असल्यापासून ओळखीचा आहे. त्याचं दूध बंद असलं तरी तुझ्या दुधाचे दोन थेंब गालाच्या आतून लावता येतात का ते डॉक्टरांना विचार, बऱ्याच ठिकाणी लावतात. डायपर बदलणं, ताप बघणं ही कामं मला शिकवा म्हण. तू तिथे भेटायला आलेली पाहुणी नाहीयेस, आई आहेस, आणि चांगल्या सिस्टरला आई शिकायला तयार असली की आनंदच होतो.

मुलीचा कांगारूचा एक तास फार कमी आहे, तो वाढवून माग. आणि मुलालाही कधी देणार हे राउंडला स्पष्ट विचार, सीपॅपवर असलं तरी बाळ स्थिर असेल तर अनेक युनिटमध्ये देतात, नळ्या सांभाळायला एक सिस्टर लागते एवढंच. ही कांगारू पद्धत 1978 च्या सुमारास कोलंबियात बोगोटाच्या एका सरकारी हॉस्पिटलात सुरू झाली, इनक्युबेटर पुरत नव्हते, एकेका पेटीत दोन-तीन बाळं, इन्फेक्शनने जात होती, म्हणून तिथल्या डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आयांच्या छातीशी द्यायला सुरुवात केली. तेव्हा ती नाइलाजाची सोय होती, आता तसं नाही. 2021 साली घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत अशा पाच देशांतला मोठा अभ्यास छापून आला, आपल्याकडचं काम दिल्लीच्या सफदरजंग हॉस्पिटलात झालं, त्यात 1 किलो ते 1799 ग्रॅमची बाळं होती म्हणजे बरोबर तुझ्या दोघांसारखी, आणि ज्यांना स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी दिलं त्यांच्यात पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू साधारण पाव हिश्श्याने कमी झाले. त्यानंतर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की अशा बाळांना दिवसात 8 ते 24 तास, जितके जमतील तितके, छातीशी ठेवा. म्हणून मी एक तास कमी म्हणते. पुढे मुलगा स्थिर झाला की दोघांना एकदम घेता येतं, एक उजवीकडे एक डावीकडे, बेडकासारखे पाय दुमडून, डोक्याला टोपडं, वरून पट्टा. तोपर्यंत मुलीला घेऊन बसताना खुर्ची त्याच्या पेटीकडे वळवून ठेवलीस तरी चालेल, आणि रडू आलं तरी चालेल, तुझ्या रडण्याने तिला काही होत नाही. फक्त तिला लवकर खाली ठेवू नकोस.

दुधाचं. दिवसातून चार वेळा 20-25 म्हणजे तू 80 ते 100 मिली काढतेस, आणि मला वाटतं दूध कमी नाहीये, वेळा कमी आहेत. जुळ्यांसाठी निदान आठ वेळा काढावं लागतं, त्यातली एक वेळ रात्री एक ते पाचच्या मधली, कारण रात्री दूध वाढवणारं हार्मोन जास्त असतं आणि आठ-नऊ तासांची गॅप पडली की शरीर समजतं गरज संपली. दोन्हीकडून काढायचं, आधी गरम पंचाने शेकून, मग हाताने किंवा पंपने, आणि शेवटी परत दोन मिनिटं हाताने. सगळ्यात छान पान्हा फुटतो तो मुलीला छातीशी घेऊन उठल्याबरोबर, तेव्हाच काढायला बस. आता हिशोब बघ, मुलीला किलोमागे साधारण 150 मिली धरले तर दिवसाला 200 च्या आसपास लागतात, तू आठ वेळा 25 काढलेस तर तिचंच होतं. मुलाचं दूध परत सुरू झालं की तो दर वेळी दोन-तीन मिलीच घेणार, ते आधी बाजूला काढून त्याच्या नावाने ठेवायचं. हो, त्याचं आधी. लवकर जन्मलेल्या बाळांच्या आतड्याला सूज येऊन ती खराब होतात तो आजार फार वाईट, आणि तो टाळायला आईच्या दुधाइतकं दुसरं काही उपयोगी नाही, आणि दोघांत धोका त्याला जास्त आहे. मुलीला कमी पडलं तर मिल्क बँकेचं दूध मिळेल का विचार. मुंबईत सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली, आता राज्यात इतर मोठ्या हॉस्पिटलांतही आहेत, तुमच्या डॉक्टरांना जवळची माहीत असेल. काढलेल्या दुधावर तारीख, वेळ आणि कुणाचं ते लिहायचं, आणि ते किती तास ठेवायचं हे तुमच्या युनिटचा नियम असेल तसं.

सासूबाई. बघ, मला त्यांचा राग आला नाही. त्यांना दिसतंय की टाके असलेली सून थंड बाकड्यावर बसलीय, कानाला बांधलेलं नाही, वेळेवर जेवण नाही, आणि त्यांना आत सोडत नाहीत त्यामुळे आत तू काय करतेस हे त्यांना कळतच नाही. त्यांच्या दृष्टीने तू बसून राहतेस. म्हणून त्यांना पटवण्यापेक्षा आत आण. कांगारू केअर आजीनेही करता येतं, वडिलांनीही, फक्त अंघोळ, स्वच्छ कपडे, सर्दी-खोकला नको आणि हॉस्पिटलची परवानगी. सिस्टरला सांग माझ्या सासूबाईंना मुलीला तासभर देऊन बघा. नात एकदा छातीवर झोपली ना की 'घरी ये' ऐवजी 'मी किती वाजता येऊ' असं म्हणतील, हे मी कितीतरी आज्यांच्या बाबतीत पाहिलंय. तेवढ्या तासात तू मुलाकडे जा नाहीतर झोप. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपू-मेथी जे त्यांना करून घालायचंय ते डब्यात येऊ दे आणि पोटभर खा. कमरेबद्दल त्या बोलतात त्यात तथ्य आहेच, पाठीला टेकू असलेली खुर्ची माग, आणि दिवसातून एकदा सलग चार-पाच तास झोप मिळालीच पाहिजे, ती घरी जाऊन मिळणार असेल तर घरी जाऊन घे, तेवढ्याने तू वाईट आई ठरत नाहीस. फक्त घुटी, मध, ग्राइप वॉटर, काजळ, नाकात-कानात तेल, धुरी यातलं काहीही या बाळांना नको, आता नाही आणि घरी गेल्यावरही नाही, हे मात्र डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकव, तू सांगितलंस तर वाद होईल.

मिस्टरांना सांग सुट्टीच्या दिवशी आणि जमेल तेव्हा शिफ्ट संपल्यावर शर्टाची बटणं उघडून खुर्चीत बसायचं. बाप झालेल्या माणसाला एनआयसीयूत बिल भरण्याशिवाय दुसरं काम कुणी देत नाही, हे मला फार खटकतं. बिलाचं पण बोलून ठेवते, हॉस्पिटलात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसत असतील तर आजच गाठा, कंपनीचा ईएसआय, म्हणजे कामगार विमा, आहे का बघा. आणि अगदीच झेपेना झालं तर जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशु कक्षात 2011 पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळांवर मोफत उपचार होतात, एक वर्षाची होईपर्यंत. फक्त सीपॅपवरच्या बाळाला स्वतःच्या मनाने हलवायचं नाही, दोन्हीकडचे डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत आणि अॅम्ब्युलन्स बाळाची पाहिजे.

मुलगी आधी घरी आली तर. येईलच असं धरून आत्तापासून ठरव. साधारण 1600-1800 ग्रॅम झालं, रोज वजन वाढतंय, नळीशिवाय दूध घेतेय, श्वास थांबत नाही आणि पेटीबाहेर अंग गरम राहतंय, असं झालं की सोडतात. चोखणं, गिळणं आणि श्वास या तिन्हीची सांगड 34 आठवड्यांच्या आसपास बसते, म्हणजे अजून दोन आठवडे, तोवर बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजायला शिकून घे. आधी विचार की तिला तुझ्याबरोबर तिथेच कांगारू वॉर्डात किंवा साध्या खोलीत ठेवता येईल का, तसं झालं तर सगळ्यात सोपं, तू एकाच इमारतीत राहशील. नाहीच जमलं तर गाव लांब असताना रोज ये-जा करण्याच्या फंदात पडू नका, त्याच शहरात नातेवाइकांकडे किंवा एक खोली घेऊन काही आठवडे राहा, खर्च होईल पण तुझं दूध टिकेल. एकदा बाहेर गेलेल्या बाळाला परत एनआयसीयूत घेऊन जाता येत नाही, म्हणून तू मुलाकडे जाशील तेव्हा तिला सांभाळायला एक ठरलेलं माणूस लागेल, आणि ते माणूस सासूबाई असतील तर आत्ताच त्यांचा हात बसला पाहिजे, कांगारूचं मी वर म्हटलं ते त्यासाठीही. एखाद्या दिवशी मुलाकडे जाणं जमलं नाही तर बर्फाच्या डब्यातून दूध पाठव आणि फोन करून विचार. दूध गेलं म्हणजे त्या दिवशी तू त्याच्याजवळ होतीस.

बारसं घरी दोघं आल्यावर, हवं तर ज्या तारखेला ती जन्मायची होती त्या सुमारास थाटात करा, पण नावासाठी थांबू नकोस. घरात लोक घाबरतात, आत्ता नाव नको, आधी घरी येऊ दे म्हणतात, कशाला घाबरतात ते मला कळतं आणि तुलाही कळतं. मला असं वाटतं की बाळाला हाक मारायला नाव हवं. सटवाईची पूजा, पत्रिका, अक्षर काय ते नंतर होईल, आत्ता तुझ्या मनात जी नावं आहेत ती कागदावर लिहून दोन्ही पेट्यांना लाव, सिस्टरसुद्धा मग ट्विन टू म्हणणार नाहीत.

तुझ्या रडण्याबद्दल अजून एक. पहिल्या दोन आठवड्यांत असं रडू येणं फार जणींना होतं. पण आता चौदा दिवस झालेत, इथून पुढे जर रोज दिवसभर रडू येत राहिलं, बाळांना हात लावावासा वाटेना, संधी असून झोप येईना, किंवा मी नसते तर बरं असं मनात आलं तर ते अंगावर काढायचं नाही, तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना सांग, किंवा 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन कर, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. टाक्यांतून पाणी, ताप, छातीत गाठ होऊन लाल होणं, यालाही थांबायचं नाही.

आता एक गोष्ट, जी दोन बाळं वेगवेगळ्या दिवशी घरी जातात तेव्हा हमखास निसटते. 34 आठवड्यांच्या आधी किंवा 2 किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी व्हावी लागते, पहिली तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत, तुझा मुलगा 1200 च्या खाली आहे म्हणून त्याची त्याहून लवकर करतील, कदाचित याच आठवड्यात. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तर वेळेत लेसर करून नजर वाचते, उशीर झाला तर नाही वाचत, आणि बाहेरून डोळा अगदी नॉर्मल दिसतो. मुलाची एनआयसीयूतच होऊन जाईल, तो तिथेच आहे. मुलगी मात्र नेमकी महिन्याच्या आसपास घरी जाणार, ती छान दूध पीत असेल, वजन वाढत असेल, सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे, आणि तिची तारीख टळून जाईल. एका तपासणीने भागत नाही, डॉक्टर संपलं म्हणेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी जावं लागतं. म्हणून दोन वेगळ्या वह्या कर, एक तिची एक त्याची, प्रत्येकीत डोळे, कान आणि लसींच्या तारखा, लसी जन्मतारखेप्रमाणेच असतात पण हसणं, मान धरणं, बसणं हे मात्र ती जितकी लवकर आली ते दहा आठवडे वजा करून बघायचं. तिच्या वहीत पहिली ओळ डोळ्यांच्या तारखेची लिही, ती तारीख उद्याच्या राउंडला विचारून घे, आणि मिस्टरांच्या मोबाइलमध्ये पण टाकून ठेव.